दर्याचा इतिहास गावाने कसा साजरा करावा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कोकण किनाऱ्यावरील गावांत सागरी इतिहासाचे जे कार्यक्रम होतात, त्यांच्या आयोजकांनी आणि प्रेक्षकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

आमच्या गावातील ग्रंथालय, शाळा आणि तरुण मंडळ यांनी मिळून वर्षातून एकदा सागरी वारसा दिन साजरा करण्याचे ठरवले आहे. तारखेवर मात्र एकमत होत नाही. काहींना ४ डिसेंबर हवा आहे, काहींना नारळी पौर्णिमा. आपला सल्ला काय?
— एक ग्रंथपाल, देवगड तालुका

४ डिसेंबर हा नौदल दिन आहे. १९७१च्या युद्धात भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर जो हल्ला केला, त्याच्या स्मरणार्थ तो पाळला जातो. २०२३ साली या दिनाचा मुख्य सोहळा सिंधुदुर्ग-तारकर्ली परिसरात झाल्यापासून ती तारीख कोकणात घरोघरी पोहोचली हे खरे; तरीही तो नौदलाचा दिवस आहे, तुमच्या गावाचा नाही. इतिहासात शोधू गेल्यास तारखा पुष्कळ मिळतात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला आणि त्याची पूजा किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी झाली. १६५७च्या अखेरीस कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर तेथील खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ झाला आणि मराठी आरमाराची सुरुवात तेथून मानली जाते. १६६५च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज स्वतः मालवणहून समुद्रमार्गे बसरूरच्या मोहिमेवर गेले. ४ जुलै ही कान्होजी आंग्रे यांची पुण्यतिथी (१७२९) आहे. परंतु जुलैत दर्याकडे पाठ फिरवूनच कार्यक्रम करावा लागेल. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले आणि १९६४पासून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

नारळी पौर्णिमेविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. तो सण जिवंत आहे आणि त्याला आपल्या व्याख्यानांची गरज नाही. मालवणात किल्ल्यावरचा मानाचा नारळ आधी आणि शहरवासीयांचे नारळ नंतर सागराला अर्पण होतात, बंदराच्या धक्क्यावर नारळ लढवण्याच्या स्पर्धा रंगतात. अशा दिवशी कोणी प्रदर्शन लावले, तर त्याकडे फिरकण्यास माणसे मोकळी नसतात. शिवाय श्रावणात वारा आणि लाट या दोहोंचा भरवसा नसल्यामुळे पाण्यावरचा कोणताही कार्यक्रम ठरवता येत नाही. म्हणून सणाला सणाच्या जागी राहू द्यावे आणि वारसा दिन नोव्हेंबरअखेरच्या किंवा डिसेंबरच्या एखाद्या रविवारी घ्यावा, जेव्हा समुद्र निवळलेला असतो आणि चाकरमान्यांनाही दोन दिवस येणे जमते.

तुमच्या तालुक्यापुरती आणखी एक सूचना करतो. कुणकेश्वराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला जिल्हाभरातून माणूस येतो, आणि त्या देवळाची दंतकथाच समुद्राची आहे. वादळात सापडलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याने किनाऱ्यावरच्या दिव्याच्या दिशेने नवस केला आणि वाचल्यावर देऊळ बांधले, अशी ती कथा आहे. दंतकथा ही दंतकथा म्हणूनच सांगावी. पण अरबी समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांशी या किनाऱ्याचा संबंध किती जुना होता, हे सांगण्यास यापेक्षा चांगली सुरुवात आणि यापेक्षा मोठा तयार श्रोतृवर्ग तुम्हांला मिळणार नाही. तारखेचा वाद मिटत नसेल, तर यात्रेत दोन दिवसांचे छोटे दालन मागून पाहा.

शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही कान्होजी आंग्रे यांच्यावर नाटिका बसवत आहोत. इंग्रज त्यांना समुद्री लुटारू म्हणत, हे नाटिकेत यावे की नाही, यावरून शिक्षकांत मतभेद आहेत. तसेच शेवट कोठे करावा?
— एक शिक्षिका, रत्नागिरी

अवश्य यावे, पण इंग्रज तसे का म्हणत, हेही यावे. समुद्रावर कोणाचा परवाना चालणार, हा त्या काळचा मूळ झगडा होता. पोर्तुगीज आपला परवाना घेतल्याशिवाय जहाजांना जाऊ देत नसत. इंग्रजही आपल्या परवान्याच्या जहाजांना कोणी हात लावू नये, असा आग्रह धरत. कान्होजींनी हेच तत्त्व आपल्या किनाऱ्यावर लागू केले आणि दस्तक न घेणारी जहाजे धरली. युरोपीय सत्तेने केले तर तो कायदा आणि मराठ्यांच्या सरखेलाने म्हणजे आरमारप्रमुखाने केले तर ती लूट, हा विरोधाभास आठवीच्या मुलांनाही चटकन समजतो. १७१३-१४च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले, सरखेलपद कायम झाले आणि किनाऱ्यावरील अनेक किल्ले त्यांच्याकडे राहिले. म्हणजे ते एका राज्याचे अधिकारी होते. १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर आणि १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चढाई केली, दोन्ही फसल्या. नाट्य हवे असेल, तर ते या दोन प्रसंगांत आहे. त्यासाठी कल्पित प्रेमकथेची भर घालू नये, ही विनंती.

शेवटाविषयीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बहुतेक नाटिका १७२९मध्ये कान्होजींच्या निधनापाशी जयजयकाराने थांबतात. प्रेक्षक आनंदाने घरी जातात, परंतु एवढे मोठे आरमार पुढे गेले कोठे, हे त्यांना कळत नाही. कान्होजींच्या मुलांत वाटण्या झाल्या, कुलाबा आणि विजयदुर्ग अशी दोन ठाणी वेगळी पडली आणि पेशव्यांशी तुळाजी आंग्रे यांचे वैर वाढत गेले. १७५५ साली पेशव्यांच्या सहकार्याने कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. त्यानंतर फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या ताफ्याने विजयदुर्गावर तोफा डागल्या, त्या वेळी बंदरात नांगरून पडलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. ज्या किनाऱ्यावर इंग्रजांना पन्नास वर्षे धाक वाटत होता, तेथे त्यांना हे जमले, कारण आपलीच एक सत्ता दुसरीच्या विरोधात त्यांच्या बाजूस उभी होती. हे प्रकरण कटू आहे. परंतु ते वगळणारी नाटिका इतिहासाची नसून सोयीची होते. पाच मिनिटांचे एक निवेदन पुरेल. पालकांपैकी कोणी हरकत घेतली, तर त्यांना उत्तर देण्याइतके पुरावे इतिहासाच्या कोणत्याही गंभीर पुस्तकात सापडतील.

आम्ही कोळी समाजाच्या संस्थेतर्फे लिहीत आहोत. वारशाचा कोणताही सरकारी वा खासगी महोत्सव असला की आम्हांला नृत्यासाठी बोलावणे येते. रंगीत लुगडी, डोक्यावर टोपली, पंधरा मिनिटांचा नाच आणि मग व्यासपीठावर इतिहासाची भाषणे. या भाषणांत आम्ही कोठेच नसतो. यात बदल कसा करावा?
— एका संस्थेचे पदाधिकारी, रायगड जिल्हा

या महिन्यातील सर्वांत महत्त्वाचे पत्र हे आहे आणि त्यातील तक्रार पूर्णपणे रास्त आहे. किल्ला ही दगडांची वास्तू आहे, ती जागेवर उभी असते आणि तिच्यासमोर भाषण करता येते. जहाज मात्र सडते, बुडते किंवा मोडीत निघते, आणि ते चालवणारा माणूस कागदावर क्वचितच उमटतो. त्यामुळे आपले सागरी कार्यक्रम हळूहळू किल्ल्यांचे कार्यक्रम झाले आहेत. दर्यावर्दी लोकांना त्यात सजावटीपुरती जागा उरली. माझ्या मते सागरी इतिहासाच्या कोणत्याही कार्यक्रमात पहिली खुर्ची तांडेलाची म्हणजे होडीच्या नाखव्याची असावी आणि पहिले भाषण त्याचेच असावे.

हे केवळ सौजन्य म्हणून म्हणत नाही. १६७९ साली खांदेरीच्या बेटावर तटबंदी चालू असताना इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्या ताफ्यांना तोंड देत ते काम पुढे नेणारे दोन प्रमुख होते मायनाक भंडारी आणि दौलतखान. दर्यासारंग आणि मायनाक भंडारी यांचा उल्लेख जुन्या बखरीत आरमाराचे सुभेदार म्हणून येतो. पाण्यावरच्या लढाया कोळी, भंडारी, गाबीत, खारवी आणि दालदी समाजांतील माणसांच्या बळावर झाल्या. या समाजांना रात्री, लहान होड्यांतून, खडकांच्या मधून वाट काढता येत होती, म्हणूनच मोठ्या इंग्रजी जहाजांच्या नाकासमोरून खांदेरीला रसद पोहोचत राहिली. हे कौशल्य नाचात दिसत नाही. ते दाखवायचे असेल, तर कार्यक्रमाची रचनाच बदलावी लागते.

काय करता येईल, याविषयी माझ्या काही ठाम सूचना आहेत. गावात ज्येष्ठ तांडेल असतील, तर नकाशा पुढे ठेवून त्यांच्याकडून पाण्याखालच्या खडकांची नावे, मासेमारीच्या जागा आणि किनाऱ्यावरच्या खुणा नोंदवून घ्या. डोंगराचे शिखर आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की होडी कोठे आहे, हे ओळखण्याची जी पद्धत होती, ती यंत्रे आल्यापासून झपाट्याने विस्मरणात चालली आहे. ही नोंद आवाजासह करून ठेवा आणि कार्यक्रमात त्यांच्याच आवाजात ऐकवा. मतलई वारा आणि खारा वारा यांच्या वेळा साधून शिडाची होडी बाहेर कशी जाई आणि परत कशी येई, हे ज्यांनी स्वतः केले आहे अशी माणसे आता थोडी उरली आहेत. होडी बांधणारे सुतार असतील, तर त्यांना एक दिवस प्रात्यक्षिकासाठी मानधन देऊन बोलवा. मानधन हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, कारण व्याख्यात्याला पाकीट आणि कारागिराला शाल-नारळ हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. सुतार फळी कशी वाकवतो, सांध्यांत कापूस कसा ठासतो, लाकडाला तेल का चोळतो, हे पाहण्यास मुले तासभर हलत नाहीत.

मालवण भागातील रापणीचे उदाहरण आवर्जून द्यावेसे वाटते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळे टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, मग आलेल्या मासळीचे ठरलेल्या हिश्शांनी वाटप करायचे. यात जाळे, होडी आणि श्रम या सर्वांचा हिस्सा असतो. ही पद्धत म्हणजे सामायिक भांडवलाचा एक जुना नमुनाच आहे. गावाच्या कार्यक्रमात खरी रापण ओढण्यात पाहुण्यांना सामील करून घेतले आणि शेवटी वाटपाचा हिशेब मोठ्याने सांगितला, तर भाषणे केली नाहीत तरी चालेल.

आणखी एक वर्ग पूर्णपणे विसरला गेला आहे. तो म्हणजे परदेशी बोटींवर काम केलेले खलाशी. रत्नागिरी जिल्ह्यातील आणि विशेषतः खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांतील कित्येक पिढ्या आगबोटींच्या डेकवर आणि इंजिनखोलीत राबल्या. ज्या नोकरीच्या पुस्तिकेला खलाशांच्या बोलीत ‘नळी’ म्हणत, ती अनेक घरांत अजून पेटीत जपलेली आहे. तीत बोटीचे नाव, कामाचा प्रकार आणि तारखा असतात. गावातील अशा पुस्तिका एकत्र करून त्यांची प्रदर्शनी मांडली, तर एका छोट्या बंदराचा जगभरच्या बंदरांशी असलेला संबंध भिंतीवर दिसू लागेल. मूळ पुस्तिका घरमालकांकडेच राहू द्याव्यात. मांडणीसाठी छायाप्रती वापराव्यात.

नृत्य बंद करावे, असे माझे म्हणणे नाही. ते शेवटी ठेवा आणि नर्तकांपैकी एखाद्या बाईला बाजारात मासळीचा लिलाव कसा चालतो, हे आधी सांगू द्या.

आमच्या मंडळाच्या मिरवणुकीत दरवर्षी थर्माकोलची मोठी युद्धनौका असते. या वर्षी ती ऐतिहासिकदृष्ट्या अचूक करायची आहे. मराठ्यांची जहाजे दिसायची कशी?
— एक मूर्तिकार, मालवण

सर्वप्रथम थर्माकोल सोडा. समुद्राच्या नावाने मिरवणूक काढायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच समुद्रात थर्माकोलचे तुकडे तरंगताना पाहायचे, हे बरे दिसत नाही. बांबू, कापड आणि हलके लाकूड पुरते.

मिरवणुकीतील नौका बहुधा युरोपीय जहाजासारख्या उंच, तीन मजली आणि खिडक्या-खिडक्यांतून तोफा काढलेल्या असतात. मराठी आरमाराचा कणा असलेली गुराब तशी नव्हती. तिचा पुढचा भाग लांब, निमुळता आणि पाण्यालगत झुकलेला असे आणि काही तोफा त्यावरून थेट समोर मारा करत. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांची, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांपर्यंत असे. गलबत त्याहून पुष्कळ लहान, सहसा ७० टनांच्या आत. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत, त्यामुळे वारा पडला की ते मोठ्या जहाजापेक्षा चपळ ठरे. वारा पडलेल्या वेळी गलबतांनी गुराबा ओढत न्यायच्या, शत्रूच्या जहाजाच्या मागच्या बाजूस यायचे, तोफांनी त्याच्या डोलकाठ्या पाडायच्या आणि मग चढाई करायची, अशी ही पद्धत होती. तुमच्या मिरवणुकीत एक गुराब आणि तिला दोराने ओढणारी दोन गलबते दाखवली, तर प्रेक्षकांना एका दृष्टिक्षेपात सारी युद्धनीती कळेल.

खऱ्या लाकडात जुने जहाज पुन्हा उभे करण्याची महत्त्वाकांक्षा असेल, तर नौदलाच्या ‘कौंडिण्य’ या शिडाच्या जहाजाकडे (आयएनएसव्ही ‘कौंडिण्य’) पाहा. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून कल्पना घेऊन, फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने शिवून ते गोव्यात बांधले गेले. काम केरळच्या कुशल कारागिरांनी केले आणि मे २०२५ मध्ये ते कारवार येथे नौदलात दाखल झाले. एवढा खर्च कोणत्याही गावाला झेपणार नाही. मात्र लाकूड निवडताना एक जुनी सूचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग वगैरे झाडे परवानगीने तोडण्यास सांगितले आहे, परंतु आंबा आणि फणस यांना हात लावू देऊ नये, कारण ती रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे बजावले आहे. आपल्या प्रदर्शनात युद्धाच्या मजकुराशेजारी हा मजकूरही मोठ्या अक्षरांत लावावा, असे मला वाटते.

विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, असे आम्ही दर वर्षी १८ ऑगस्टच्या कार्यक्रमात सांगतो. हे खरे आहे का?
— एक विज्ञानशिक्षक, सिंधुदुर्ग जिल्हा

जसे सांगितले जाते तसे खरे नाही. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून विजापूर आणि पुढे गुंटूरकडे गेला, हे खरे. परंतु ज्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन यांच्या निरीक्षणाचा उल्लेख होतो, ते गुंटूरला होते. आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. पृथ्वीवर हेलियम हाती लागण्यास १८९५ साल उजाडले. म्हणून लॉकयर साहेब किल्ल्यावरील ओट्यावर दुर्बीण लावून बसले होते, हे वाक्य कार्यक्रमातून काढावे. दिवस मात्र ठेवावा आणि मुलांना वर्णपट दाखवावा.

विजयदुर्गाचे सागरी महत्त्व सांगण्यास उधारीची गोष्ट लागत नाही. खाडीत आत गेल्यावर आंग्रेकाळातील जहाजदुरुस्तीच्या गोदीचे अवशेष आहेत आणि नंतरच्या काळात याच बंदरात पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप यांचे ठाणे होते. विज्ञानाचा कार्यक्रम संपल्यावर मुलांना त्या गोदीपर्यंत न्या. किल्ला पाहणारे हजारो असतात; गोदीकडे जाणारा एखादाच.

आम्ही बोरिवलीत राहतो. आमच्या सोसायटीच्या वाचनमंडळाला असा एखादा कार्यक्रम करायचा आहे, पण उपनगरात सागरी इतिहास कोठून आणायचा?
— एक निवृत्त वाचक, मुंबई

आणायची गरज नाही, तो तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एकसर येथील वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, नौकायुद्ध कोरलेले आहे. वल्ह्यांच्या रांगा आणि डोलकाठ्या असलेली जहाजे त्यांवर स्पष्ट दिसतात. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचे यादव यांच्यात सुमारे १२६५ साली झालेल्या समुद्री लढाईशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. दुसऱ्या टप्प्यात कान्हेरीला जा. तेथील लेण्यांतील लेखांत कल्याण, सोपारा आणि चेमूल म्हणजे चौल येथील दात्यांची नावे आहेत. बंदरांत मिळवलेला पैसा डोंगरातल्या विहारांत कसा आला, याचा तो पुरावा आहे. वेळ उरल्यास नालासोपाऱ्याचा स्तूप पाहावा. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली त्याचे उत्खनन केले होते. वीरगळांना तेल, शेंदूर वा पाणी लावून फोटो काढू नयेत, एवढे सभासदांना आधीच सांगावे.

आम्ही वसई भागातील ख्रिस्ती मच्छीमार आहोत. मराठा आरमाराच्या नावाने होणाऱ्या उत्सवांत आमचे स्थान काय? १७३९च्या विजयाचा उत्सव होतो तेव्हा आमच्या मुलांना आपण पराभूत पक्षाचे आहोत असे वाटते.
— एक पालक, वसई

आपण पराभूत पक्षाचे नव्हता. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज सत्तेचा पराभव केला. खाडीतले मच्छीमार, मिठागरातले कामगार आणि शेतकरी हे त्या सत्तेचे रयत होते आणि नंतर मराठ्यांचे झाले. आयोजकांनी हा फरक स्पष्ट शब्दांत मांडला पाहिजे आणि तो मांडला जात नाही, ही उणीव त्यांची आहे. पावसाळ्यानंतर हंगाम सुरू होताना आपल्या गावांत धर्मगुरूंच्या हस्ते बोटींना आशीर्वाद देण्याची प्रथा आहे. शेजारच्या गावात त्याच सुमारास नारळ अर्पण होतो. दोन्हींमागची भीती एकच आहे आणि दोन्हींमागची आशाही. आयोजकांशी बोलून या दोन विधींची छायाचित्रे एकाच फलकावर लावण्याचा आग्रह धरा. याच न्यायाने जंजिऱ्याच्या सिद्दींकडेही केवळ खलनायक म्हणून पाहणे सोडावे. जी सत्ता शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पेशवे या सर्वांना पुरून उरली, तिचे नौकानयन अभ्यासण्याजोगे होते.

किल्ल्यावर दीपोत्सव आणि बोटींची मिरवणूक घ्यायची आहे. परवानग्यांचे काय?
— एक तरुण मंडळ, मालवण

थोडक्यात उत्तर देतो. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांपैकी सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, तर खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे. त्यामुळे सिंधुदुर्गावरील कोणत्याही सार्वजनिक कार्यक्रमासाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी पुष्कळ आधी मागावी लागेल. तटावर तेलाचे दिवे लावू नयेत. काजळी आणि तेल दगडात मुरते. दिवे वाळूवर किंवा होड्यांत लावले, तरी शोभा कमी होत नाही. किल्ल्यावर अजून कुटुंबे राहतात, त्यांची संमती विचारल्याशिवाय ध्वनिक्षेपक नेऊ नयेत. प्रवासी म्हणून माणसे न्यायची असतील, तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा प्रवासी परवाना असलेल्याच बोटी वापराव्यात, मासेमारीच्या नौकेत पाहुण्यांना बसवू नये, आणि जीवनरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगावर असावे, बाकाखाली नव्हे.

मी इंग्लंडच्या ईशान्य भागात राहतो. येथील मराठी मंडळाला सागरी वारशाचा कार्यक्रम करायचा आहे. आम्ही फक्त चित्रफिती दाखवायच्या का?
— एक वाचक, न्यूकॅसल

आपल्यापासून जवळच हार्टलपूल येथे ‘ट्रिंकोमाली’ नावाचे शिडाचे युद्धजहाज जतन केलेले आहे. ते १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणीकारांनी सागवानात बांधले. ज्या घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, त्यांच्या आणि गोदीतल्या सुतारांच्या हातचे काम तुमच्या मुलांना हात लावून पाहता येईल. मंडळाची सहल तेथेच न्या.

माझ्या आजोबांचे भाऊ ‘रामदास’ बोटीत गेले. वारशाच्या उत्सवात अशा दुर्घटनेची आठवण काढणे योग्य आहे का? काही जण म्हणतात, आनंदाच्या कार्यक्रमात दुःख नको.
— एक वाचक, रेवस परिसर

योग्य आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या काळी कोकणच्या माणसाचा मुंबईशी संबंध अशा बोटींवरच अवलंबून होता. सणाला घरी येणारा गिरणी कामगार, माहेरवाशीण आणि लहान व्यापारी यांचाच तो प्रवासीवर्ग होता. सागरी इतिहासात या प्रवाशांना स्थान नसेल, तर तो फक्त सेनापतींचा इतिहास होईल. उत्सवात रडारड करण्याची गरज नाही. कार्यक्रमाच्या आरंभी आपल्या गावातून गेलेल्यांची नावे, त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेऊन, वाचावीत. बोटीचा मार्ग नकाशावर दाखवावा. आणि वाचलेल्यांनी आपल्या घरात जे सांगितले, ते आता पुढच्या पिढीकडून लिहून घ्यावे. ज्यांना हे नको असेल, त्यांनी नावे वाचून होईपर्यंत मंडपाबाहेर थांबावे.

माघी गणेशोत्सवाला शाळेची मुले चालत कुलाबा किल्ल्यात न्यायची आहेत. वेळ कोणती ठेवावी?
— एक मुख्याध्यापक, अलिबाग तालुका

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा की तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती येते. चतुर्थीला चारच्या पाऊणपट म्हणजे तीन वाजता भरती, म्हणून सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी धरावी. हा अंदाज आहे, तेव्हा आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी तो ताडून पाहावा आणि स्थानिक माणसाला विचारावे. ओहोटी पूर्ण होण्याच्या थोडे आधी निघावे, म्हणजे आत पुरेसा वेळ मिळतो. रघुजी आंग्रे यांच्या काळातील गणपतीचे देऊळ, गोड्या पाण्याची विहीर आणि शेजारचा सर्जेकोट हे पाहण्यास तासभर पुरतो. साडेदहाच्या आत सर्व मुले वाळूवर परत हवीत. वर्गशिक्षकांनी निघताना आणि परतताना हजेरी घ्यावी, आणि कोणी मागे रेंगाळल्यास त्याला पाण्यातून आणण्याचा प्रयत्न न करता किल्ल्यातच थांबवून ठेवावे, ही सूचना आधी लेखी द्यावी.